आफ्रीनची चार मिनिटं

सोमवारी दुपारी सव्वा वाजता रिनानं उरलेली एक सीडी ड्राइव्हमध्ये टाकली, ती फक्त कव्हरसाठी नवरीचं एखादं बरं चित्र काढावं म्हणून. आणि पडद्यावर दोन फायली आल्या. दोनच. रीतसर व्हीसीडी असती तर चार-पाच फोल्डर दिसले असते, त्यांतल्या एकात पिक्चर असतं, आणि ते शेकडो वेळा पाहिलेलं असल्यामुळे तिनं न वाचताच पुढचं बटन दाबलं असतं. इथं दोनच नावं, इंग्रजी अक्षरांत. खालचं निकाह. वरचं आफ्रीन. चंद्रपुरात दुपारी खाणीत ब्लास्टिंग होतं तेव्हा घरातल्या काचा थरथरतात, आणि मग क्षणभर काहीच होत नाही, रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा उभं राहून ऐकतं. तसं तिचं झालं. शनिवारी फारूकभाई स्वतः कोरपन्याहून आले होते आणि अशाच बारा सीड्या पिशवीत घालून घेऊन गेले होते. बारा घरांसाठी. एक जिवतीला, एक पार एटापल्लीला, आणि एक इथंच पठाणपुऱ्यात, आफ्रीनच्या सासूकडे.

पाटीवर ‘प्रफुल व्हिडिओ’ लिहिलं होतं. प्रफुल म्हणजे रिनाचा नवरा. तो वाईट माणूस नव्हता. तो खांद्यावर कॅमेरा घेऊन आठ-आठ तास उभा राहायचा, आणि गावात लोक त्याला प्रफुलभाऊ म्हणायचे. जोडणी, कापणी, आवाज, नावं, सीडी, सगळं बाबूपेठच्या या दहा बाय दहाच्या खोलीत रिना करायची, आणि तिला कोणी काही म्हणायचं नाही, कारण तिचं नाव कुठं आलंच नव्हतं. एका कामात मात्र तिच्याशिवाय पान हलत नसे. मुसलमानांच्या लग्नात जनान्याची बाजू, म्हणजे बायकांची खोली, बाईनंच शूट करायची आणि बाईनंच जोडायची. त्या खोलीत मोठी माणसं सोडा, मिसरूड फुटलेला पोरगाही येत नाही. जिल्ह्यात कॅमेरा धरणारी बाई एकच, आणि ती बौद्धाघरची. पण लोकांना जात नको होती, भरोसा हवा होता. लग्नाच्या दोन वेगळ्या सीड्या निघत. एक सगळ्यांसाठी. दुसरी फक्त बायकांच्या हाती, मोजून तीन. रिनाला त्या खोल्या आवडायच्या. बाहेर पदर सावरून चालणाऱ्या बायका तिथं ताट वाजवत, नवऱ्यांच्या नकला करत, पोट धरून हसत. या खोलीला बाहेरचे लोक तुरुंग समजतात, त्यांना काय कळतंय, असं तिला वाटे. आणि आता त्या खोलीचं दार तिनंच उघडं टाकलं होतं, बारा घरांत.

तहसीनच्या लग्नात, म्हणजे फारूकभाईंच्या बहिणीच्या लग्नात, आफ्रीन भिंतीला टेकून बसली होती. आफ्रीन रिनाची शाळेतली मैत्रीण, एटापल्लीची, इथं मावशीकडे राहून शिकलेली. तिचा नवरा आरिफ राजुऱ्याच्या रस्त्यावर सिमेंटच्या ट्रकखाली गेला त्याला दोन वर्षं झाली होती, आणि या दोन वर्षांत ती प्रत्येक लग्नात भिंत शोधायची. नवरीनंच हात धरून तिला ओढलं. आधी नाही नाही, मग एक पाय, मग ओढणी कमरेला, मग अशी फिरली की ढोलकी वाजवणारी म्हातारीच मागे पडली आणि ओरडली, “थांब वं, माझे हात दोनच आहेत!” चार मिनिटं. रिना कॅमेऱ्यामागे रडत होती की हसत होती तिलाच ठाऊक नाही. चित्र मात्र हललं नाही. नंतर घामेघूम झालेली आफ्रीन कानाशी आली. “हे काढशील, रिना. बायकाइच्या सीडीतूनबी काढ. अम्मी पाहीन ते.” अम्मी म्हणजे सासू, शमीमखाला, ती तेव्हा बाजूच्या खोलीत नमाजला बसली होती. याच खालानं वर्षभरापूर्वी दुसऱ्या कोण्या विधवेबद्दल चारचौघींत म्हटलं होतं, अशा सुनेले माहेरीच बरं. आफ्रीननं ते वाक्य ताईत बांधावा तसं गळ्यात बांधून घेतलं होतं. माहेरी म्हणजे एटापल्ली. आणि पोरगी? चार वर्षांची पोरगी घराण्याची, ती इथंच राहणार. “मले एकटीले बसमध्ये बसवून देईन,” आफ्रीन म्हणाली होती. “काढशील न?” रिना म्हणाली, काढते.

काढलं. पण मिटवलं नाही. इथं तिची चूक सुरू झाली, आणि ती चूक आहे असं तिला आजही पुरतं पटत नव्हतं. माणसं कापून कापून तिचा हात विटला होता. लोक येतात आणि सांगतात, हे काढा, ते काढा. हळदीत विधवा काकू दिसते, काढा. जावई परजातीचा आहे, त्याचा फोटो दोन सेकंदांच्या वर नको. एका डॉक्टरानं स्वतःच्या बापाला काढायला लावलं होतं, कारण बाप धोतरात होता आणि पंगतीत भुरका मारत होता. शिकलेली माणसं! रिना काढायची. धंदा आहे. पण आफ्रीनवर कातर चालवताना तिचं बोट माउसवर अडलं. कॅसेट तर उद्याच्या लग्नात पुन्हा वापरली जाणार, त्यावर दुसरी नवरी चढणार; कॉम्प्युटरमधून गेलं की जगातूनच गेलं. आणि कॉम्प्युटरात जागा नव्हती. चाळीस जीबीची डिस्क, तासाभराचं कच्चं शूटिंग तेरा जीबी खातं. चार मिनिटंच, पण तीही जवळजवळ एक जीबी. म्हणून तिनं ती लहान केली.

लहान कशी होतात हे तिला नागपूरच्या गुणवंतरावांनी सांगितलं होतं. जन्मभर टीव्ही दुरुस्त केलेला म्हातारा. त्यानंच कॉम्प्युटरात कार्ड बसवून दिलं आणि एका चहात अख्खं शास्त्र सांगितलं. “बाई, चित्रात जे हलत नाही, ते मशीन एकदाच लिहून ठेवते. मागची भिंत एकदा लिहिली की झालं. जे हलते तेच पुन्हा पुन्हा लिहावं लागते. भिंत फुकट, नाच महाग.” आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन बशीत चहा ओतला. रिनाला त्या वाक्यानं तेव्हा काही तरी झालं होतं, पण काय ते कळलं बसमध्ये, वरोऱ्याच्या पुढे. तिच्या स्वतःच्या लग्नाची कॅसेट. सत्त्याण्णव साल, वडील वामनराव जाऊन चार वर्षं झालेली. आई अंजनाबाई पांढऱ्या लुगड्यात सगळ्यांत मागे भिंतीला उभी. धम्मात असलं शुभ-अशुभ काही नसतं, विधवेनं मागे राहावं असं कोणी म्हटलं नव्हतं, भंतेजींनी तर दोनदा हाक मारली, बाई पुढं या. ती गेली नाही. कोणी सांगितलं नव्हतं तरी ती गेली नाही, याचीच रिनाला जास्त चीड. तीन तासांच्या कॅसेटमध्ये आई एकदाच दिसते, भिंतीसकट. एकदा लिहिली की झालं. फुकट.

तर आफ्रीनची चार मिनिटं नव्या पद्धतीनं दाबून पस्तीस एमबीत बसली. त्याच पद्धतीनं तिनं निकाहाचं अख्खं पिक्चरही दाबून ठेवलं, जपून ठेवायची प्रत म्हणून, आणि दोन्ही एकाच फोल्डरमध्ये. सीडीसाठी खरी फाइल दुसरी होती. साध्या प्लेअरवर चालणारी, ओबडधोबड, पण सगळीकडे चालणारी. ती तयार व्हायला सहा तास लागायचे, आणि शुक्रवारी पाचव्या तासाला लाइट गेली. ज्या गावच्या चिमण्या साऱ्या महाराष्ट्राला वीज पुरवतात, ज्या गावची पोरं राख खोकतात, त्या गावात भारनियमन! शनिवारी पुन्हा पहिल्यापासून. मग फारूकभाई दारात, गाडी सुटते, गाडी सुटते. रिनानं घाईत फोल्डर ओढला तो जपून ठेवायचा. आणि व्हीसीडीऐवजी साधी डेटा सीडी जाळली, म्हणजे उतरवली. एकाच वेळी दोन चुका. तेरा वेळा.

आता ती खुर्चीत बसून त्या दोन चुकांचा एकमेकींशी हिशेब लावत होती. पहिल्या चुकीनं आफ्रीनला बारा घरी पोचवलं होतं. दुसऱ्या चुकीनं त्या बाराही घरांच्या दारावर कदाचित कुलूप घातलं होतं. कारण ही नवी दाबलेली फाइल साध्या प्लेअरला वाचताच येत नाही. त्याला ती सीडीच वाटत नाही. देवानं एका हातानं थोबाडीत मारावी आणि दुसऱ्यानं गाल चोळावा, असा प्रकार. पण देवावर तिचा विश्वास नव्हता, आणि ताबिशनं नवा प्लेअर आणला होता. ताबिश म्हणजे आफ्रीनचा दीर. पंधरा दिवसांपूर्वी तिनं स्वतः त्याच्या तोंडून ऐकलं होतं: “भाभी, नागपूरवरून डबा आणला, त्याच्यात काहीबी टाका, चालतेच!” अकरा घरं सुटली तरी नेमकं तेच एक घर.

तिनं फारूकभाईंच्या दुकानात फोन लावला. काय बोलायचं ठरवलं नव्हतं.

“बरं झालं बाई, तुमीच फोन केला,” फारूकभाई ओरडले. मागे लोखंडी पत्रे आदळल्याचा आवाज. “नाई तं मीच तिथी येऊन भांडणार होतो.”

“काय झालं, भाऊ?”

“काय झालं म्हणता? नो डिस्क! जिथी टाकावं तिथी नो डिस्क. जिवतीवरून मामू सकाळपासून शिव्या देऊन राह्यले. म्हणते, बहिणीचं लग्न खरंच झालं का नुसतंच जेवून आलो आपण?”

रिनाला हसू फुटलं. तोंडावर हात दाबला तरी ते नाकातून आलं.

“हसता काय, बाई! इज्जतीचा सवाल आहे.”

“माझी चूक आहे, भाऊ. पूर्ण माझी. सगळ्या सीड्या परत आणा. एकबी कोणाजवळ ठेवू नका. मी नव्या करून देते.”

“बाराच्या बारा घरी जाऊ काय मी आता, या उन्हात?”

“बाराही घरी नो डिस्क म्हणते?” तिनं विचारलं, आणि आपला आवाज आपलाच नाही असं तिला वाटलं.

“अकरा. शमीमखालाच्या इथी चालली म्हणे, फर्स्ट क्लास. ताबिशचा डबा नवा आहे न.”

स्कूटी, तोंडाला बांधलेली ओढणी, शेहेचाळीस डिग्री. रस्त्याचं डांबर चाकाला धरत होतं. बाबूपेठेपासून पठाणपुऱ्यापर्यंत तिला एकच चित्र दिसत होतं, आणि ते हलत नव्हतं: एटापल्लीची लाल बस, खिडकीत आफ्रीन, खाली कडेवर घेतलेली पोरगी. प्लेअर फायली नावांच्या अक्षरांप्रमाणे लावतो. ए आधी येतो. म्हणजे निकाह पाहता पाहता कंटाळून लोक उठून गेले असतील, ही आशाही नाही, पहिलं आफ्रीनच. आपण तिला कापलं असतं तर ती वाचली असती. सगळे कापणारे असंच म्हणतात, तिच्या भल्यासाठी. आपण एकदाच कापलं नाही, एकदाच, आणि बघ. मग तिला राग आला, बरं वाटेल असा, ओळखीचा राग: चार मिनिटं हसली बाई. खून केला काय? चार मिनिटं हसल्याबद्दल जर तिची पोरगी जाणार असेल, तर मी त्या दारात उभी राहून ओरडीन, अख्खा मोहल्ला गोळा करीन. जुन्या किल्ल्याच्या वेशीतून जाताना दगडांची सावली अंगावरून गेली, एवढीच, आणि पुन्हा ऊन.

दार आफ्रीननं उघडलं. चेहऱ्यावरून काही वाचता येईना.

“पाह्यलं?” रिनानं विचारलं.

“पाह्यलं.”

“कोण कोण?”

“आत ये. अम्मी बोलावून राह्यली.”

शमीमखाला पलंगावर मांडी घालून सुपारी कातरत होती. ताबिश घरी नव्हता. पोरगी टीव्हीसमोर जमिनीवर झोपली होती, हातात रिमोट.

“तू न ती कॅमेरावाली?” खाला म्हणाली. “बस. नको, आधी उभीच राह्य. त्या दिवशी मी तुले काय सांगितलं होतं?”

“जनान्याचं मर्दाइच्या हाती जाऊ देऊ नको म्हणून.”

“मंग?”

“चूक झाली, खाला. अकरा घरी चालली नाई, आणि बाराही परत येऊन राह्यल्या.”

“अकरा घरी चालली नाई हे त्या घराइचं नशीब का तुझं, ते अल्ला जाणे.” अडकित्ता कट्ट वाजला. “ताबिशनं डबा लावला. पहिलेच हिचं नाव. मी म्हटलं हे काय आहे, तवरीक त्यानं दाबलं. ढोलकीचा आवाज आला, तशी मी म्हटलं, ऊठ, बाहेर जा. गेला बिचारा, चप्पलबी उलटी घालून गेला.” कट्ट. “मंग मी पाह्यलं. दोनदा पाह्यलं. तिसऱ्यांदा मले बटनच नाई सापडलं.”

पंख्याचा आवाज.

“आरिफच्या लग्नात नाचली होती, तशीच नाचते,” खाला म्हणाली, सुपारीकडे बघत. “उजवा पाय आधी टाकते. त्या दिवशी बाजूच्या खोलीत मले ऐकू येऊन राह्यलं होतं. मले वाटलं, कोणाची पोरगी आहे बाप्पा एवढी. मले माहीतच नाई का आपलीच आहे.” मग एकदम मान वर करून, आफ्रीनला: “माझ्या पुढं काऊन नाई नाचत वं? मी काय दगड आहे?”

आफ्रीन दाराच्या चौकटीला नखानं खरवडत राहिली. तेव्हा रिनाच बोलली, कारण तिला गप्प बसणं कधी जमलं नव्हतं, आणि रस्ताभर साठवलेला राग कुठंतरी ठेवायचा होता. “तुमीच म्हटलं होतं, खाला. अशा सुनेले माहेरीच बरं.”

“मी? कधी?” अडकित्ता थांबला. “ते तं त्या दुसऱ्या बाईबद्दल म्हटलं होतं.”

“हिले कसं कळन?”

चूक झाली असं खाला म्हणाली नाही. ती त्यातली नव्हती. सुपारीचे तुकडे एका बाजूला सारले, परत जवळ घेतले. मग म्हणाली, “पाणी दे वं तिले. उन्हातून आली.” आणि आफ्रीन पाण्याला वळल्यावर, तिच्या पाठीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात: “हे घर माझं आहे, ताबिशचं नाई. पोरगी कुठी जात नाई, अन् पोरीची मायबी कुठी जात नाई. कोणी म्हटलं तं त्याले मी एटापल्लीच्या बसमध्ये बसवीन.” आतल्या खोलीत माठावरचा गिलास खाली पडला आणि वाजत वाजत लांब गेला.

रिना आता बसली. तिच्या लक्षात आलं की सव्वा वाजल्यापासून तिनं पोटभर श्वास घेतला नव्हता, आणि आता तो येत होता, सुपारीचा, फिनाइलचा, झोपलेल्या पोरीच्या घामाचा वास घेऊन, इतका की तिला पुन्हा हसू यायला लागलं. ज्या खालाच्या भीतीनं दोघींनी ते काढलं, तिला एकदाही विचारलं नव्हतं. आपल्या लग्नात भंतेजींनी आईला दोनदा हाक मारली होती. आपण एकदाही नाही. नवरी होतो, बसल्या जागेवरून मारता आली असती.

“आता ऐक,” खाला म्हणाली. “ताबिश महिनाभरानं त्याचा डबा बल्लारशाले घेऊन जाईन. माझा जुनाच राहीन. त्याच्यावर चालन असं मले करून दे. फक्त ते चार मिनिटं. निकाह नको. निकाह काय, सगळ्याइचेच सारखे.”

बुधवारी सकाळी अकरा सीड्या फारूकभाईंनी आणून टाकल्या, नव्या बारा घेतल्या, आणि चहा पिता पिता पुन्हा एकदा इज्जतीबद्दल बोलून गेले. दुपारी रिना त्या अकरा, घरी उरलेली एक आणि खालासाठी नवी जाळलेली एक घेऊन पठाणपुऱ्यात गेली. ताबिशच्या डब्यातली काढून ढिगात ठेवली. खालाच्या समोर बसून, साध्या शिवणकामाच्या कातरीनं, जुन्या तेराही एकेक करून कापल्या. करकर आवाज होई आणि चांदीसारखे पापुद्रे चटईवर पडत. खाला बोटांवर मोजत होती. एवढी वर्षं कातर चालवली, पण हाताला असं गार कधी वाटलं नव्हतं.

मग जुना प्लेअर. रिनाच्या मनात धाकधूक, कारण कच्चं शूटिंग केव्हाच पुसलं गेलं होतं. दाबलेल्यावरून पुन्हा दाबलेलं, नकलेची नक्कल. पण लागलं. पडद्यावर भिंत आली, स्वच्छ. भिंतीला टेकलेली आफ्रीन आली, तीही स्वच्छ, डोळ्याखालच्या काळ्या रेघेसकट. मग तहसीननं तिला ओढलं, ओढणी कमरेला गेली, आणि ती फिरायला लागली तशी ती फुटून तिच्या चौकटी-चौकटी झाल्या, हिरव्या, केशरी, गालाच्या रंगाच्या. ढोलकी मात्र साफ ऐकू येत होती. पोरगी टीव्हीपाशी जाऊन एकेका चौकटीवर बोट ठेवायला बघत होती आणि बोट पोचेपर्यंत चौकट दुसरीकडं गेलेली असे. आफ्रीन खालाच्या शेजारी बसली होती. पलंगावर, भिंतीपासून हातभर पुढं.

“हे चौकोन चौकोन काय होऊन राह्यलं वं?” खालानं विचारलं.

“लई जोरात फिरली न ती, खाला. एवढं या सीडीत मावत नाई. हळू फिरली असती तं साफ आलं असतं.”

खालानं डोळे बारीक केले, मान थोडी पुढं काढली.

“नको,” ती म्हणाली. “फिरू दे.”